डोंगरावरच्या पावसाचं झाकण

मी एक जुनं झाकण आहे. हसलात ना? हसा. झाकणाला कसलं आलंय आत्मवृत्त, असंच वाटलं असेल तुम्हाला. पण मित्रांनो, मी पातेल्यावरचं झाकण नाही आणि बरणीवरचंही नाही. मी पावसाचं झाकण आहे. आता पावसाला झाकण कसं असतं, हे ऐकायचं असेल तर जरा गप्प बसा. हल्ली मी कोंबड्यांच्या दाण्याच्या पिंपावर बसून असतो, त्यामुळे माझ्याकडे वेळच वेळ आहे.

शहरातल्या एका कारखान्यात मिस्त्रींनी एकाच ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून आम्हा तीन भावांना कापलं. मिस्त्री कामाला चोख आणि तोंडाला फटकळ. आमच्या कडा घासता घासता म्हणायचे, "पाण्यासाठी झाकण करतोय की तोफेसाठी? एवढं काय मापात हवं असतं या लोकांना?" पण माप एका रेघेनंही चुकू दिलं नाही त्यांनी. आमच्या पोटाला मऊ स्पंजची गादी बसवली, मोटारीच्या हाताला आम्हाला जोडलं, आणि आम्ही तिघं तीन दिशांना गेलो. थोरला शहरातच राहिला, धुरांड्यांच्या शेजारी, एका कचेरीच्या गच्चीवर. मधला समुद्राकाठी गेला. मी धाकटा, माझी रवानगी डोंगरावर झाली. निघताना मी मनात म्हटलं, आपली चैन आहे. डोंगरावर कुठला आलाय धूर? हवा खायची आणि पडून राहायचं.

माझं काम सांगतो. एका लोखंडी टेबलावर दोन बादल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. एक पावसाची, दुसरी धुळीची. झाकण मात्र एकच. कोरडं असेल तेव्हा मी पावसाच्या बादलीवर बसायचो, म्हणजे तिच्यात धूळ पडत नसे. धुळीची बादली तेव्हा उघडी, वाऱ्यावरून येईल ते तिचं. पहिला थेंब पडला की शेजारच्या छोट्या पट्टीला तो कळायचा, मोटार घुर्र करायची, आणि मी उठून धुळीच्या बादलीवर जाऊन बसायचो. पाऊस थांबला की परत. बर्फ पडला तरी तेच, कारण ती पट्टी आतून कोमट असायची, बर्फ तिच्यावर वितळायचा. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसा मी. पाऊस एकीचा, धूळ दुसरीची, माझ्या वाट्याला नुसती ये-जा. तरी खरं सांगू, ते दिवस मजेचे होते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर पावसाचा आंबटपणा मोजायला. कोळसा आणि तेल जाळलं की धुरातून काही वायू वर जातात, ढगातल्या पाण्यात मिसळतात आणि पाऊस आंबट करून सोडतात. तो मोजायचा एक आकडा असतो. सात म्हणजे पाणी अधलंमधलं, तिकडचं नाही आणि इकडचंही नाही. आकडा जितका खाली, तितका आंबटपणा जास्त. स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा थोडा आंबट असतो, साडेपाचच्या आसपास. पण चारच्या घरात आला, तर कुणाच्या तरी धुरानं त्यात तोंड घातलंय असं समजावं.

मला डोंगरावर आणलं ते ताईनं. ती हवामान केंद्रात निरीक्षक होती, आणि सगळा डोंगर तिला ताईच म्हणायचा. तिनं मला उगाच नव्हतं आणलं. तिच्या वडिलांसाठी आणलं होतं.

तिचे वडील म्हणजे आबा. डोंगरावरच्या तळ्याकाठी माशांची पिल्लं वाढवायचं केंद्र होतं, तिथले ते राखणदार. नावाला राखणदार, खरं तर त्या पिल्लांची आई. हिवाळाभर लाकडी खोलीतल्या ट्रेमध्ये अंडी ठेवायची, त्यांच्यावरून तळ्याचं पाणी वाहतं ठेवायचं, मेलेलं अंडं चिमट्यानं वेचून काढायचं, नाहीतर शेजारची नासतात. बर्फ वितळू लागला की पिल्लं बाहेर यायची, पापणीच्या केसाएवढी. ती जरा मोठी झाली की तळ्यात सोडायची. असं आबांचं वर्ष जायचं, आणि त्यांना दुसरं काही नकोच होतं.

पण काही वर्षांपासून पिल्लं बाहेर आली की मरत होती. तीही नेमकी बर्फ वितळायच्या दिवसांत. लख्ख ऊन, निळं आभाळ, तळाचा दगड न् दगड दिसेल इतकं नितळ पाणी. फिरायला आलेले लोक काठावर उभे राहून म्हणायचे, काय स्वच्छ पाणी आहे हो. आणि आत आबा जाळीनं मेलेली पिल्लं गोळा करत असायचे. नितळ पाणी म्हणजे चांगलं पाणी, असं तुम्हालाही वाटतं ना? त्या तळ्यात शेवाळ धरत नव्हतं, किडा जगत नव्हता, म्हणून ते एवढं नितळ होतं.

कचेरीतले मोठे साहेब दर उन्हाळ्यात यायचे आणि तळ्याचं पाणी तपासायचे. उन्हाळ्यात ते ठीकच असायचं. मग साहेब म्हणायचे, "पाणी चांगलं, अंडी चांगली, मग हयगय कुठे होते ते तुम्हीच शोधा." आबांनी शोधलं. हाताला साबणाचा अंश राहत असेल म्हणून साबण सोडला. वास लागत असेल म्हणून तंबाखू सोडली, आणि इतक्या वर्षांची तंबाखू सोडणं म्हणजे काय ते त्यांच्या चिडचिडीवरून सगळ्या घराला कळलं. पिल्लं मरतच राहिली. शेवटी शेवटी आबांना स्वतःच्या हातांचाच संशय यायला लागला. ट्रेशी उभे राहून ते बोटं उलटी-सुलटी करून बघत बसायचे.

ताईला ते बघवेना. तिचं एकच म्हणणं, "आबा चुकत नाहीत. वरून काहीतरी येतंय." तिनं कचेरीचे उंबरठे झिजवले आणि मला मिळवलं. मला टेबलावर बसवलं त्या दिवशी आबा माझ्याभोवती फिरून म्हणाले, "हे एवढंसं झाकण मला सोडवणार?"

"झाकण नाही, आबा. बादली," ताई म्हणाली. मला तेव्हा जरा लागलं. पण बरोबर होतं तिचं.

पहिला उन्हाळा मजेत गेला. त्या दिवसांत खालच्या सपाटीवरून नांगरलेल्या शेतांची माती वाऱ्यावर चढून यायची. ती माती आंबटपणा मारते, म्हणून उन्हाळी सरींचा आकडा बरा असायचा. ताई म्हणायची, खरी परीक्षा पुढे आहे. थंडी पडली की घराघरांत शेगड्या पेटणार, कारखाने जास्त जाळणार, वारा फिरून शहराच्या बाजूनं येणार, आणि आंबटपणा मारायला माती नसणार, कारण ती बर्फाखाली झाकलेली. शिवाय पाऊस पडतो आणि वाहून जातो, पण बर्फ साठतो. हिवाळाभराचा आंबटपणा पोटात धरून बसतो, आणि ऊन पडलं की पहिल्या काही दिवसांतच सगळा बाहेर टाकतो. नेमका पिल्लं डोळे उघडतात तेव्हा. हे सगळं ती आबांना चहा पिताना समजावून सांगायची, आणि आबा मान हलवत राहायचे. त्यांना किती कळलं ते मला माहीत नाही, पण लेक आपल्यासाठी झटतेय हे त्यांना पुरतं कळलं होतं.

आणि तिथेच घोळ झाला.

थंडीच्या तोंडावर साहेब ताईचं हे पाऊस मोजायचं नवीन केंद्र बघायला येणार होते. ताई कामानिमित्त खाली गेली होती. आबांनी विचार केला, पोरीचं केंद्र आहे, चार लोक बघणार, जरा नीटनेटकं दिसू दे. त्यांनी चुना भिजवला आणि कुंचला घेतला. आधी खोलीची भिंत रंगवली, मग कुंपणाचे खांब, मग माझं टेबल. चुना उरला. मग माझ्याकडे वळले. वरून एक हात दिला, दुसरा दिला. आणि अर्धवट काम त्यांना ठाऊकच नव्हतं, म्हणून मला खिळीतून काढून मांडीवर उताणं घेतलं आणि खालून गादीच्या कडेकडेनंही चुना फासला. मी आयुष्यात तेवढा लाड कधी अनुभवला नव्हता. मला गुदगुल्या होत होत्या.

ताई परत आली, पांढरंशुभ्र झालेलं टेबल बघून हसली आणि म्हणाली, "आबा, आता यालाच टोपी घाला आणि साहेबांशेजारी बसवा." वरच्या चुन्याला तिची हरकत नव्हती, कारण पाऊस पडताना मी पावसाच्या बादलीवर नसतोच. माझ्या पोटाकडे बघायचं तिच्या मनातच आलं नाही. झाकणाचं पोट कोण बघतं?

चुना वाळला. मग मी पावसाच्या बादलीवर टेकलो की कडेचा थोडा थोडा चुना झडायचा. डोळ्यांना दिसणार नाही इतका. चिमूटभरसुद्धा नाही. पण आंबटपणा मारायला तेवढा पुरतो, मित्रांनो.

त्या हिवाळ्यात बर्फाचा आकडा सात आला. पुन्हा सात. कधी सातच्याही वर. ताई यंत्र पुसायची, पुन्हा मोजायची, पुन्हा सात. तिचा चेहरा उतरत गेला. मग बर्फ वितळू लागला, पिल्लं मेली, आणि तिनं धावत जाऊन तळ्याचं पाणी मोजलं, तर ते चारच्या घरात. तिनं साहेबांना फोन केला. साहेब सगळं ऐकून म्हणाले, "ताई, तुमचाच बर्फ गोड आहे, हे तुम्हीच मोजलंय. मग तळं आंबट कशानं झालं? तुमचे वडील ट्रे धुवायचं औषध पाण्यात सोडत असतील."

घ्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. ट्रे धुवायचं ते औषध खरंच आंबट असतं, त्यामुळे ताईला बोलायला जागाच उरली नाही. थंडी पडायच्या आत आबांनी केंद्र सोडावं, राहती खोलीही रिकामी करावी, असं ठरलं. आबा कुणावर चिडले नाहीत, तेच वाईट. नुसतं म्हणाले, "असेल बाबा. सांडलं असेल माझ्याच हातून." आणि त्या दिवसापासून औषधाच्या बाटलीला त्यांनी हात लावला नाही. ट्रे नुसत्या पाण्यानं घासत बसायचे. मी समोर बसून सगळं बघत होतो आणि मला तोंड नव्हतं.

ताबा घ्यायला साहेब यायचे त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ताईला शहरातून फोन आला. प्रयोगशाळेतल्या थेंबमास्तरांचा. खरं नाव वेगळं होतं, पण ते प्रत्येक थेंबाची चौकशी करायचे म्हणून सगळे त्यांना थेंबमास्तरच म्हणत. आम्हा तिन्ही भावांच्या बादल्यांमधलं थोडं थोडं पाणी त्यांच्याकडे जायचं. खिडकी उघडी होती आणि थेंबमास्तरांचा आवाज मोठा, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"ताई, तुमच्याकडे सिमेंटचा कारखाना निघालाय का?"

"डोंगरावर? इथे साधं दुकान नाही."

"मग तुमच्या गेल्या हिवाळ्याच्या बर्फात एवढा चुना कुठून आला? शहराच्या पाण्यात काजळी आहे, समुद्राकाठच्या पाण्यात मीठ आहे, ते समजतं. पण तुमचा बर्फ म्हणजे भिंत धुतलेलं पाणी वाटतंय मला."

ताई उत्तर द्यायला गेली आणि तिची नजर खिडकीबाहेर पडली. बाहेर आबा मला मांडीवर उताणं घेऊन कुंचला फिरवत होते. नोकरीवरून काढायला येणाऱ्या साहेबांसाठी. फोन तसाच लोंबकळत ठेवून ती बाहेर आली.

"आबा, काय करताय?"

"काय करणार? उद्या माणसं येतायत. कुठल्या का कामाला येईनात, घर चांगलं दिसलं पाहिजे."

"खालूनपण लावता?"

"मग? बाहेरून चकाचक आणि आत उकिरडा, असलं काम मला नाही जमत."

"मागच्या वर्षीही खालून लावला होता?"

"लावला होता की. का गं?"

ताई पायरीवर बसली. आधी हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मग डोळे पुसून तिनं त्यांना सगळं नीट समजावलं. आबा कुंचला हातात धरून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे पिल्लं बर्फानं मारली, आणि बर्फाला गोरं मी केलं."

"तुम्ही माझ्यासाठी केलंत, आबा."

"ते असू दे. हात दाखवून अवलक्षण ते अवलक्षणच."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. ताईनं त्यांना आत नेलं नाही, आधी माझ्यासमोर आणलं, मला उलटं केलं आणि माझ्या पोटावरून बोट फिरवून ते पांढरं बोट त्यांना दाखवलं. साहेब वाईट माणूस नव्हते. बोटाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "एक हिवाळा देतो. वितळायच्या आत आकडा दाखवा." त्यानंतर माझी जी घासपूस झाली ती विचारू नका. नवीन गादी, नवीन बादल्या, आणि शुद्ध केलेल्या पाण्यानं इतक्या अंघोळी की मिस्त्रींनी पाडलेली चमक परत आली.

पहिला बर्फ पडला. मी उठून धुळीच्या बादलीवर गेलो आणि तिथे जीव मुठीत धरून बसलो. बर्फ थांबल्यावर ताई आली, बादली आत घेऊन गेली, आतला बर्फ वितळेपर्यंत आबा दारात उभे. मग आतून तिचा आवाज आला, अगदी साधा. "आबा, चार." आबांनी चौकटीला हात टेकवला.

थेंबमास्तरांनी आम्हा तिघांचे आकडे शेजारी मांडले, आणि तेव्हा सगळी गंमत उलगडली. गंमत कसली म्हणा. थोरल्याच्या शहरात पूर्वी काजळी इतकी पडायची की वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे. लोकांनी ओरड केली, म्हणून कारखान्यानं धुरांडं खूप उंच केलं. शहरातले कपडे पांढरे राहायला लागले, सगळे खूश. पण धूर गेला कुठे? उंचावर चढला, वाऱ्यावर बसला, वाटेत आंबट झाला आणि आमच्या डोंगरावर उतरला. मधल्याच्या किनाऱ्यावर वारा बहुतेक समुद्राकडून यायचा, म्हणून तो बचावला. आपलं घर झाडायचं आणि केर शेजाऱ्याच्या दारात लोटायचा, त्यातलाच हा प्रकार. फक्त शेजारी इतक्या लांबचा, की त्याचा आवाज ऐकू येत नाही.

साहेब पुन्हा वर आले. आबांसमोर उभे राहून म्हणाले, "आबा, आमचं चुकलं. केंद्र तुमचंच."

"माझं राहू द्या," आबा म्हणाले. "पिल्लांचं काय करता?"

धुरांड्याला गाळणी बसायला कितीतरी वर्षं जायची होती. तोवर उपाय म्हणून थंडीच्या आधी तळ्यात चुनखडीची भुकटी टाकायला सुरुवात झाली. हो, चुनाच एका परीनं. आबा होडीत बसून स्वतः भुकटी पसरायचे आणि म्हणायचे, "बघ पोरी, औषध माझं बरोबर होतं. जागा चुकली." त्या वर्षांतल्या वसंतांइतकं सुख मी पुन्हा पाहिलं नाही. लाकडी खोलीतून आबांचं गुणगुणणं ऐकू यायचं. पाणी थोडं गढूळ झालं, शेवाळ धरलं, फिरायला येणारे लोक नाकं मुरडायला लागले, आणि आबा त्यांना पाण्याखालची पिल्लं बोटानं दाखवायचे. मला बघायला शाळेतली मुलं यायची. ताई त्यांना माझं कौतुक सांगायची, आणि मी मुद्दाम जरा जास्तच घुर्र करायचो.

पण मित्रांनो, उपाय चालला की लोकांना आजाराचा विसर पडतो. गाळणी बसली तीही अर्धीमुर्धीच. आकडा थोडा वर सरकला आणि लगेच कचेरीतून निरोप आला, शहरात हवा किती छान आहे, आता चुनखडीची काय गरज? त्या वर्षी भुकटीची गाडी वर आलीच नाही. माझी मोटारही तोवर थकली होती. मी अडकलो की ताई हातानं मला सरकवायची. नवीन मोटार मागितली, ती आली नाही.

त्याच हिवाळ्यात आबांनी अंथरूण धरलं. त्यांची खाट खिडकीशी होती, तिथून तळं दिसायचं, पण ट्रे दिसत नव्हते. बर्फ वितळायला लागला तेव्हा रोज सकाळी ताई आत आली की त्यांचा पहिला प्रश्न, "आज आकडा किती?" पहिले काही दिवस ती खरं सांगायची, आणि आकडा रोज उतरत होता. आबा नुसते आढ्याकडे बघत पडायचे.

एका सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. ताई ट्रेच्या खोलीतून बाहेर आली. तिच्या हातात जाळी होती आणि जाळीत काय होतं ते मला दिसलं. तिनं ती दाराबाहेर ठेवली, हात धुतले, चेहरा पुसला आणि माझ्याजवळ थोडा वेळ उभी राहिली. आकड्यांच्या बाबतीत ताई कुणाची भीड ठेवणारी नव्हती. एकदा साहेबांनी अर्धा आकडा वर सरकवायला सुचवलं, तर तिनं त्यांना चहासुद्धा विचारला नव्हता. ती आत गेली.

"आज आकडा किती, पोरी?"

"गोड आहे, आबा," ताई म्हणाली. "पाणी गोड आहे. पिल्लं पोहतायत."

आबांनी डोळे मिटले. "मग झालं," म्हणाले. त्यानंतर फार दिवस नाही काढले त्यांनी.

मित्रांनो, मी झाकण आहे. मला उपदेश जमत नाही, आणि धूर वाईट असतो हे तुम्हाला शाळेत सांगतातच. तुमच्या गावचं आभाळ स्वच्छ असेल, तर तुमचा धूर कुठे उतरतो तेवढं एकदा विचारा. आणि आकडा बरा आला म्हणून मोजणं थांबवू नका; आमच्याकडे थांबवलं, म्हणून तर मी आज दाण्याच्या पिंपावर आहे. त्या सकाळी ताई आयुष्यात एकदाच खोटं बोलली. त्याबद्दल तिनं पुन्हा कुणाकडे तोंड उघडलं नाही, मीच आज सांगतोय. तिचं ते बोलणं खरं करायचं अजून राहिलंय. आबा ते करू शकले नाहीत, माझ्यानं तर काहीच होत नाही. तेवढं तुम्ही करा.